पाव वाटा

आमच्या बेसमेंटमध्ये एक जुना उभा फ्रीझर आहे. नेपरव्हिलच्या बहुतेक मराठी घरांत तो असतोच, त्यामुळे आत काय असते ते तुम्हांला वेगळे सांगायला नको. खवलेला नारळ, आमरसाचे डबे, शिकागोला डेव्हनवर गेलो की आणलेली सुरमई, आणि कुणाच्या तरी आईने देशातून येताना आणलेल्या, पण आता कुणाच्या ते आठवत नाही अशा पुरणपोळ्या. ह्या फ्रीझरची सत्ता सौ.कडे. मला फक्त वर्षातून एकदा बर्फ खरवडण्याचा अधिकार आहे.

२०२० सालच्या जूनमध्ये चिरंजीवांचा फोन आला. तो, सूनबाई आणि नात गावातच, आमच्यापासून दहा मिनिटांवर टाउनहाउसमध्ये राहतात.

"बाबा, तुमच्या फ्रीझरमध्ये जागा आहे का?"

"किती?"

"शंभर-सव्वाशे पौंड."

"कसले?"

"बीफ."

सौ. समोरच कोथिंबीर निवडत बसली होती. मी "बघतो" म्हणून फोन ठेवला. बत्तीस वर्षांच्या संसारात एवढे शहाणपण आले आहे.

त्या वसंतातली परिस्थिती आठवा. एप्रिल-मे मध्ये करोनामुळे मोठमोठे मांसाचे कारखाने एकामागून एक बंद पडले, दुकानात मांसाच्या कपाटांवर "एका गिऱ्हाइकाला दोनच" अशा पाट्या लागल्या, आणि लोकांना एकदम शेतकऱ्याची आठवण झाली. चिरंजीवांचे शेजारी अमेरिकन, त्यांच्या घरात तीन पिढ्या शेतकऱ्याकडूनच जनावर घ्यायची पद्धत. ते दर वर्षी अर्धे जनावर घेत. त्या वर्षी त्यांनी ह्याला विचारले, "अर्ध्यातले अर्धे तू घेतोस का?" म्हणजे पाव. ह्याने हो म्हटले.

मुलगा बीफ खातो हे आम्हांला ठाऊक नव्हते असे नाही. चौथीत असताना एका मित्राच्या वाढदिवसाला त्याने पहिला हॅम्बर्गर खाल्ला आणि घरी येऊन स्वतःच सांगितले. सौ. त्या रात्री जेवली नाही. मी त्याला काही बोललो नाही, आणि बोललो नाही म्हणून मला बोलणी बसली. पुढे पुढे तो विषय घरात कुणी काढायचा नाही असे आपोआप ठरून गेले. माझ्या मते आपल्या मंडळात तीन प्रकारची माणसे आहेत: खाणारी, न खाणारी, आणि "आम्ही विचारलं नाही" म्हणणारी. तिसरा वर्ग सर्वांत मोठा. आम्हीही त्यातच होतो. एका बड्या कंपनीच्या फ्रेंच फ्राइज १९९० पर्यंत गाईच्या चरबीत तळल्या जात, आणि नंतर तेल बदलले तरी बीफचा स्वाद राहिला होता, हे २००१ साली खटला झाला तेव्हा सगळ्यांना कळले. त्या फ्राइज आपण दहा-पंधरा वर्षे "शाकाहारी" म्हणून प्रवासात खाल्ल्या होत्या. असो.

दोन दिवसांनी मी सौ.कडे विषय काढला. ती म्हणाली, "अहो, तो काय खातो त्याला मी काय करणार? पोटचा आहे. पण माझ्या नारळाशेजारी नको." मग थोड्या वेळाने, "आणि देवघराच्या बरोबर खाली येतो तो फ्रीझर. गॅरेजमध्ये काय ठेवायचं ते ठेवा." म्हणजे दुसरा फ्रीझर. तो शोधायला पुढे दोन महिने गेले, कारण त्या उन्हाळ्यात अख्ख्या अमेरिकेला पेटीसारखा आडवा फ्रीझर हवा होता. एका घनफुटात साधारण पस्तीस-चाळीस पौंड मांस मावते, तेव्हा सव्वाशे पौंडांना पाच घनफुटांचा पुरतो. शेवटी तेवढाच मिळाला.

मला वाटले आपले काम संपले. पण सप्टेंबरात चिरंजीव म्हणाले, "बाबा, शेतकऱ्याने जनावर बघायला बोलावलंय. तुम्ही चला ना. तुम्ही शेतकऱ्याच्या घरातले, मला त्यातलं काय कळतंय?"

आता मी शेतकऱ्याच्या घरातला, हे खरे. माण तालुक्यात आमची कोरडवाहू जमीन. पण १९८४ साली इकडे आलो, ८६ पासून बेल लॅब्जच्या इंडियन हिलमध्ये टेलिफोन स्विचचे सॉफ्टवेअर लिहिले, आणि गेली कित्येक वर्षे माझा जनावरांशी संबंध फर्मिलॅबमधले गवे पाहुण्यांना दाखवण्यापुरता. (ते गवे प्रयोगशाळेचे पहिले संचालक रॉबर्ट विल्सन यांनी १९६९ साली आणले. देशातून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला आपण ते दाखवतो आणि प्रत्येक पाहुणा विचारतो, "इथे कशाला?") तरी मुलाने आपल्याला काही कळते असे समजून विचारावे, असे प्रसंग ह्या वयात फार येत नाहीत. मी गेलो.

आम्ही १९८९ साली घर घेतले तेव्हा मागच्या अंगणापलीकडे मका होता. ऑगस्टमध्ये रात्री खिडकी उघडी ठेवली की वाऱ्याने पाने सळसळत आणि मला आमच्या बाजरीची आठवण येई. १८३१ मध्ये जोसेफ नेपर इथे आला तेव्हापासून हे शेतकऱ्यांचे गाव. १९८० साली वस्ती बेचाळीस हजार, १९९० ला पंचाऐंशी, २००० ला एक लाख अठ्ठावीस हजार. ही वस्ती बसली कुठे, तर मक्यावर. आपणही बसलो. आमच्या मागचा मका ९३ साली गेला आणि तिथे आमच्यासारखीच, फक्त गॅरेज तीन गाड्यांचे, अशी घरे झाली.

ऑग्डन ॲव्हेन्यू म्हणजेच रूट ३४. पूर्वेला धरला की शिकागो, पश्चिमेला धरला की ऑस्विगोला फॉक्स नदी ओलांडून यॉर्कव्हिल, प्लेनो, सँडविच. शिकागोच्या बाजूला एके काळी जगातला सर्वांत मोठा जनावरांचा बाजार होता. युनियन स्टॉक यार्ड्स १८६५ च्या नाताळात सुरू झाले आणि १९७१ मध्ये बंद पडले. आता तिथे एक दगडी कमान उभी आहे. त्या कारखान्यांतली घाण अप्टन सिंक्लेअरने १९०६ साली 'द जंगल' कादंबरीत मांडली आणि त्याच वर्षी मांसाच्या तपासणीचा केंद्रीय कायदा झाला. आमचे चिरंजीव गाडी चालवता चालवता मला हा इतिहास सांगत होते. त्याचे म्हणणे असे, की बाबा, मी खातो हे तर आहेच, मग निदान कुठून येतं ते तरी बघावं.

यॉर्कव्हिलच्या पुढे घरे संपली. सोयाबीन पिवळा पडला होता, मका वाळत उभा. शेतकऱ्याचे घर पांढरे, लाकडी, समोर दोन निळे उंच मुरघासाचे मनोरे. शेतकरी माझ्याच वयाचा निघाला. मास्क लावून लांबूनच हात केला. मागच्या कुरणात पंधरा-वीस काळी खोंडे चरत होती. अँगस जातीची, सगळी खच्ची केलेली, बिनशिंगी, पाठ टेबलासारखी सपाट. वशिंड नाही, पोळी नाही. मला पहिल्यांदा ती जनावरे अपुरीच वाटली.

शेतकऱ्याने हिशेब सांगितला तो इथे देतो, कारण पुष्कळांचा त्यात घोटाळा होतो. दीड-दोन वर्षांचे खोंड, शेवटचे काही महिने मका खाऊन, तेराशे पौंडांच्या आसपास भरते. कातडे, डोके, आतडी गेली की टांगलेले धड उरते आठशे पौंड. ह्याला हँगिंग वेट म्हणतात आणि शेतकऱ्याचे पैसे ह्या वजनावर. मग ते दहा-चौदा दिवस थंड खोलीत टांगून ठेवतात, त्याने पाणी उडते आणि मांस मऊ पडते. त्यानंतर हाडे-चरबी काढून पाकिटे होतात ती सुमारे पाचशे पौंड. म्हणजे पाव वाट्याला सव्वाशे. तेराशेचे पाव सव्वातीनशे असा हिशेब करून जो फ्रीझर घेतो, त्याच्या फ्रीझरात दिवाळीचा फराळही मावतो. कापण्याचे पैसे कसाईखान्याला निराळे. आणि महत्त्वाची गोष्ट अशी, की गावातल्या छोट्या कसाईखान्यात तपासनीस नसेल तर ते मांस विकता येत नाही. म्हणून तुम्ही मांस विकत घेतच नाही. तुम्ही जिवंत जनावराचा वाटा विकत घेता, त्याचे मालक होता, आणि मालक म्हणून आपल्या घरापुरते कापून घेता. पाकिटावर "विकण्यासाठी नाही" असा शिक्का येतो.

मालक, हा शब्द ऐकून चिरंजीव जरा गंभीर झाले.

मला मात्र ऐकताना आमच्या गावची धुळवड आठवली. चार-पाच घरे मिळून बोकड घेत. कापला की पळसाच्या पानांवर वाटे घालायचे. मांडी, बरगडी, काळीज, मुंडी, चरबी, सगळे सगळ्यांत थोडे थोडे. मग एकाला पाठ करून उभे करायचे, दुसऱ्याने वाट्यावर बोट ठेवून विचारायचे "हा कुणाचा?" आणि पाठमोऱ्याने नाव घ्यायचे. तक्रारीला जागा नाही. इथे पाव घेताना पुढचा पाव की मागचा असा वाद नको म्हणून अर्ध्या धडाचे तुकडे दोघांत सारखे वाटतात, म्हणजे पळसाचे पान नाही एवढेच. ज्यांना मटण लागते त्यांच्यासाठी म्हणून सांगतो, बोकडालाही हाच नियम आणि हीच पद्धत. आपल्याकडची काही कुटुंबे मिळून तसे आणतातही.

शेतकऱ्याने मला विचारले, "तुम्ही किती घेणार?"

"मी खात नाही."

"मग आलात कशाला?"

"माझ्या वडिलांकडे बैल होते."

"कुठली जात?"

आता खिल्लार कशी समजावणार? मी सांगितले, पांढरी, उंच, तलवारीसारखी लांब शिंगे, पायाला चपळ, तापट, आणि दिवसभर उन्हात नांगर ओढणारी. त्याने मन लावून ऐकले. मग विचारले, "किती पौंड भरत?"

"आम्ही कधी वजन केलं नाही," मी म्हटले.

परतताना सँडविचची जत्रा जिथे भरते ते मैदान लागले. ही जत्रा १८८८ पासूनची. १९९६ च्या सप्टेंबरात आबा, माझे वडील, इथे आले होते तेव्हा मी त्यांना मुद्दाम ह्या जत्रेला आणले होते. सिअर्स टॉवरवर ते कंटाळले, मॉलमध्ये बाकावर बसून राहिले, पण इथे जनावरांच्या गोठ्यात शिरले आणि दोन तास बाहेर येईनात. शाळकरी पोरे आपापली खोंडे साबणाने धूत होती, केस वाळवायच्या यंत्राने वाळवत होती, भांग पाडावा तसे अंगावरचे केस विंचरत होती. आबा खूश. "आपुन बेंदराला धुतो तसं धुत्यात की रं!" शिंगांना रंग तेवढा नाही, कारण शिंगेच नाहीत. एका दहा-बारा वर्षांच्या मुलीचे खोंड त्यांना फार आवडले. त्यांनी त्याच्या मानेखाली खाजवले, ते मान लांब करून उभे राहिले.

"ह्यातला औताला कंचा धरत्यात?"

"औताला नाही धरत आबा. ट्रॅक्टर आहेत."

"मग ही पोसत्यात कशापायी?"

"खायला."

आबांनी हात काढून घेतला नाही. "ह्या पोरीला ठावं हाय?"

"आहे. तिनेच वाढवलंय त्याला. वजन, खुराक, सगळं वहीत लिहून ठेवते."

"कितवं वर्स म्हनलास?"

"दीड-दोन."

"म्हंजी जू काय असतंय ते ह्याला ठावंच न्हाई," आबा म्हणाले, आणि मग पुष्कळ वेळ काही बोलले नाहीत.

ऑस्विगोचा पूल ओलांडल्यावर त्यांनी खिडकीबाहेर बघत बोलायला सुरुवात केली. "भात्तर साली सोन्याला सांगोल्याच्या बाजारात इकला, ध्यानात हाय का तुझ्या?" होता. मी चौदा वर्षांचा होतो. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या भागात वैरण नव्हती, पाणी नव्हते, माणसे खडी फोडायला जात होती. दावणीला दोन बैल होते, त्यातला सोन्या म्हातारा. आईने त्याला ओवाळले होते, भाकरीचा तुकडा दिला होता. आबा दोन दिवसांनी एकटे चालत परत आले. कासरा त्यांनी परत आणला होता. आम्ही पोरांनी विचारले तेव्हा सांगितले, की कर्नाटकातल्या बागायतदाराने नेला, तिथे पाणी हाय, खाऊन बसून ऱ्हाईल.

"बागायतदार नव्हता त्यो," आबा गाडीत म्हणाले. "मला बगताच कळलं हुतं. बारा वर्सं औत वढलं जनावरानं. मी इचारलंच न्हाई, कुटं नेतोस म्हून. इचारलं असतं तर इकता आला नसता."

मी गाडी चालवत राहिलो. मला काय बोलावे सुचले नाही. नेपरव्हिलची हद्द आल्यावर ते म्हणाले, "त्या पोरीचं बरं हाय." आणि पुन्हा तो विषय त्यांनी कधीच काढला नाही. २००४ साली ते गेले. आता महाराष्ट्रात गाईबरोबर बैलाच्या कत्तलीलाही २०१५ पासून बंदी आहे. चुलतभाऊ फोनवर सांगतो, म्हातारे जनावर कुणी घेत नाही, आणि ट्रॅक्टर आल्यापासून तरणेही फारसे कुणी ठेवत नाही. सोन्याच्या दावणीच्या जागी आता त्याची मोटरसायकल उभी असते.

हे सगळे मी चिरंजीवांना २०२० च्या त्या सप्टेंबरात, त्याच रस्त्यावर, पहिल्यांदा सांगितले. त्याला आजोबा आठवतात ते मॉलच्या बाकावर बसलेले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "कॅन्सल करू का, बाबा?"

"मी तसं म्हटलं नाही," मी म्हणालो. आणि खरेच मी तसे म्हटले नव्हते. मग मी काय म्हटले होते, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

कसाईखान्याची तारीख मिळाली ती फेब्रुवारी २०२१ ची, कारण सगळीकडे तशीच रांग होती. इकडच्या छोट्या गावात ह्याला 'लॉकर' म्हणतात. घरोघरी फ्रीझर नव्हते त्या काळात, १९३०-४० च्या सुमारास, लोक गावातल्या शीतगृहात एकेक कप्पा भाड्याने घेत, ते नाव अजून टिकले आहे. आधी एक फॉर्म भरून द्यावा लागतो: स्टेक किती जाडीचे, पाकिटात किती, रोस्ट किती पौंडांचा, खिमा एकेक पौंडाचा की दोन, सुपाची हाडे हवीत का, जीभ, काळीज, शेपूट हवी का. सूनबाईंनी जीभ नको म्हटले, शेजाऱ्यांनी आनंदाने घेतली. निम्म्याच्या जवळपास तर खिमाच होतो, हे माहीत नसते. स्टेक थोडे, आणि तेच सगळ्यांना हवे असतात.

बाहेर उणे बारा सेल्सियस होते, शीतपेटीची गरजच नव्हती. पांढऱ्या कागदातली पाकिटे खोक्यांत भरून दिली, प्रत्येकावर शिक्का. मी दोन खोकी उचलून गाडीत ठेवली. ह्याला हात लावू की नको असा विचार घरून निघताना केला होता, तिथे गेल्यावर मुलाची पाठ धरली होती म्हणून प्रश्नच उरला नाही. गॅरेजमध्ये सौ.ने आधीच फ्रीझर पुसून ठेवला होता. आत खाली वर्तमानपत्र घातले होते. झाकणावर चिकटपट्टी लावून तिच्या गोल अक्षरात लिहिले होते, "ह्यांचे".

पुढचे चार महिने रविवारी चिरंजीव येत, गॅरेजमधूनच पाकिटे काढत, मग हात धुऊन घरात येऊन साबुदाण्याची खिचडी खात. नात तेव्हा सहा वर्षांची. तिने एकदा आजीला विचारले, त्या गाईचं नाव काय होतं? सौ. म्हणाली, "बाबाला विचार." बाबाने सांगितले की नाव नव्हतं, कानात नंबर होता. नात तो नंबर विचारायला निघाली होती. तो कुणाला माहीत नव्हता.

२० जून २०२१, रविवार, फादर्स डे. दुपारी चिरंजीवांनी आमच्या पॅटिओवर ग्रिल लावले होते, एका बाजूला त्याचे, दुसऱ्या बाजूला फॉइल घालून आमची कणसे आणि पनीर. रात्री अकराच्या सुमारास सायरन वाजले. आम्ही दोघे बेसमेंटमध्ये, जुन्या फ्रीझरशेजारी जाऊन बसलो. वादळ सेव्हंटी-फिफ्थ स्ट्रीटच्या बाजूने गेले. गावात शेकडो घरांचे नुकसान झाले, काही राहण्याजोगी उरली नाहीत. आमच्या अंगणातले सिल्व्हर मेपल आडवे झाले, बाकी काही नाही. वीज मात्र गेली.

सकाळी पलीकडच्या शेजाऱ्यांनी जनरेटर लावला आणि कुंपणावरून एक लांब वायर आमच्याकडे दिली. म्हणाले, एकच वस्तू चालेल, जास्त भार नको. मी वायर हातात घेऊन उभा. बेसमेंटच्या फ्रीझरमध्ये सौ.चा अख्खा संसार, तेव्हा मी खिडकीकडे निघालो.

"तिकडे कुठे?" सौ. म्हणाली. "आधी गॅरेजमधला लावा. नारळ काय, पुन्हा खवता येतो."

मंगळवारी दुपारी वीज आली. सुरमई टाकावी लागली.